डावा कान

आमच्या आजोबांशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या अंगाला बसावं लागे. डावीकडून कितीही हाका मारा, ते आपले समोरच्या तुरीकडे बघत बिडी ओढत बसायचे. घरातले म्हणत, वय झालं. पण तो कान साठीच्या आतच गेला होता आणि दुसरा शेवटपर्यंत शाबूत होता. वय झालं तर दोन्ही कान जातील, एकच का जाईल? याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, बंदुकांचं वेड लागून त्यावरची पुस्तकं वाचायला लागल्यावर. उजव्या खांद्याला दस्ता लावून त्यावर गाल टेकला की उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा नळीच्या तोंडाकडे वळतो. बारा बोअरच्या एका बाराचा आवाज १५० डेसिबलच्याही पुढे असतो. पंचवीस-तीस हिवाळे जागलीला गेलेल्या माणसाचा डावा कान हा त्या बंदुकीचा हप्ता होता, तो त्यांनी बिनतक्रार फेडला.

या प्रकरणात मी बंदुकांबद्दलची माझी मतं मांडणार आहे, आणि ती सगळी या कानातून निघालेली आहेत. बंदूक म्हटलं की लोक गोळीचा विचार करतात. आमच्याकडे, राणीसावरगावच्या शिवारात, बंदूक म्हणजे बार. आवाज. गोळी हा त्याचा जोडधंदा.

गंगाखेडची गोदाकाठची सपाट काळी जमीन मागे टाकून दक्षिणेला निघालं की बालाघाटच्या टेकड्या लागतात. वर मुरमाड माळ, मधे घळी आणि झुडपं, खाली वावरं. रानडुकरासाठी यापेक्षा सोयीची वस्ती नाही: दिवसा घळीत पडून राहावं, रात्री खाली उतरून हरभरा, भुईमूग, सोयाबीन उकरावं. डुक्कर खातं थोडं आणि नासतं फार. सकाळी वावरात गेलं की नांगर फिरवल्यासारखी उकरण दिसते. रोही उभं पीक खातात आणि तुरीच्या ओळीतून आडवे गेले की फांद्या मोडून ठेवतात. म्हणून आखाडा, म्हणून माळा, म्हणून जागल, आणि ज्याच्या घरी परवाना होता त्याच्या माळ्यावर एकनळी.

थंडीच्या रात्री हा बार किती लांब जायचा ते ऐकणाऱ्यालाच ठाऊक. त्याचंही कारण आहे. सूर्य मावळला की जमीन आधी गार होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार राहते. गार हवेत आवाज हळू चालतो, उबदार हवेत जोरात. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. दुपारी नेमकं उलटं होतं, आवाज वर उडून जातो. हरभऱ्याच्या दिवसांत मध्यरात्री झालेला बार दोन शिवारं ओलांडून यायचा आणि त्यामागून टेकडीवरून त्याचा पडसाद. आजोबा त्या उरलेल्या कानाने ऐकून सांगत, ही अमक्याची ठासणी, ही तमक्याची दुनळी. ठासणीचा आवाज जाड आणि लांबट, काडतुसाचा तुटक. काळ्या दारूचा आणि बिनधुराच्या दारूचा फरक मला त्यांनी असा शिकवला, रसायनशास्त्राचा एक शब्द न वापरता.

आता थोडं बोअरबद्दल, कारण हा शब्द सगळे वापरतात आणि फार थोड्यांना त्याचा अर्थ ठाऊक असतो. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. गोळी भरते सुमारे ३८ ग्रॅमची, नळीचा व्यास १८.५ मिलिमीटर. म्हणूनच वीस बोअरची बंदूक बारा बोअरपेक्षा बारीक असते, मोठी नव्हे. हा हिशेब लहानपणी मला लग्नातल्या लाडवांवरून समजावला होता: तेवढ्याच पिठात बाराऐवजी वीस वळले की लाडू लहान होणारच.

शेतकऱ्याच्या हाती बारा बोअर किंवा ठासणीच का दिसते, याचं उत्तर कायद्यात आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात परवाना देण्याबाबत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. ठासणीने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर राखणीलाही दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. परवान्यावर ती अक्षरांत येते, एसबीएमएल म्हणजे एकनळी ठासणी, एसबीबीएल म्हणजे एकनळी काडतुसाची, डीबीबीएल म्हणजे दुनळी. कायदे करणाऱ्यांची अनेक मतं मला पटत नाहीत, हे मात्र शंभर टक्के पटतं. रायफलच्या नळीत आटे असतात, ते गोळीला गरगर फिरवतात आणि गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. आमच्या शिवारात दोन किलोमीटरमध्ये चार आखाडे, एक वाडी आणि एखादा तांडा येतो. सहा नंबरचा छर्रा दोनशे-सव्वादोनशे मीटरवर दमून पडतो. दाट वस्तीच्या रानात बंदूक किती लांब मारते यापेक्षा ती कुठे थांबते हे आधी विचारावं.

छर्ऱ्यांचे नंबरही उलटे चालतात: नंबर वाढला की छर्रा लहान. एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, सहा नंबरचे साधारण २७० छर्रे बसतात, चार नंबरचे १७०, बीबीचे ७०. एसजीचे फक्त ८ आणि एलजीचे ६. तित्तर-लाव्ह्याला सहा नंबर, डुकराला एलजी, असा जुन्या लोकांचा पाठ असे.

एका उन्हाळ्यात आजोबांनी बैलगाडीच्या साटीला दैनिक 'मराठवाडा'चं अख्खं पान काट्यांनी टाचलं, चाळीस पावलं मोजली आणि सहा नंबरचा एक बार टाकला. मग माझ्या हातात पेन्सिल देऊन म्हणाले, "प्रत्येक भोकाला गोल कर आणि मोज." मी तासभर अग्रलेखात आणि जाहिरातींत भोकं शोधत होतो. आकडा विसरलो, पण पानाच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा पूर्ण कोरी राहिली होती. "इथं लाव्हा बसला असता तर?" त्यांनी विचारलं. उडून गेला असता. छर्ऱ्यांची बंदूक नेम न धरता लागते हा समज त्या कोऱ्या जागेने माझ्या डोक्यातून कायमचा काढला. पुढे कळलं की नळीच्या तोंडाशी किंचित आवळपणा ठेवतात, त्याला चोक म्हणतात. पूर्ण चोकची नळी ४० यार्डांवर, ३० इंचांच्या वर्तुळात, सत्तर टक्क्यांच्या आसपास छर्रे टाकते. सरळ नळी चाळीस टक्के. आमची सरळ होती. राखणीला तेच बरं.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांबद्दल माझं मत ऐकून अनेक मित्र नाराज होतात. गावातलं रिव्हॉल्व्हर हा दागिना आहे. तो लग्नात, प्रचारात आणि जमिनीच्या व्यवहारात अंगावर घालतात. सर्वसामान्य परवानाधारकाला मिळतं ते .३२ चं. त्याची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आत, नळी आखूड. बाहेर पडताना गोळीत ऊर्जा असते सुमारे १५० ज्यूल. बारा बोअरच्या ३२ ग्रॅम छर्ऱ्यांत ती अडीच हजार ज्यूलवर जाते. म्हणजे किंमत अनेक पटींनी जास्त आणि ताकद सोळाव्या-सतराव्या हिश्शाची. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्यातून 'निर्भीक' नावाचं, अर्धा किलो वजनाचं .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आलं, बायकांच्या संरक्षणासाठी म्हणून. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. तेवढ्या पैशात इकडे चांगली दुभती म्हैस येते, आणि रात्री गोठ्यात कुणी शिरलं तर ती आधी ओरडते.

मुळात .३२ हा आकडा तरी कुठून आला? ज्या मापाची गोळी सैन्य आणि पोलीस वापरतात ती लोकांना द्यायची नाही, म्हणजे सरकारी गोळ्या चोरून खाजगी बंदुकीत चालणार नाहीत, हे इंग्रजांचं धोरण. .३०३ सैन्याची, म्हणून लोकांसाठी .३१५ ची रायफल. आजही .३०३ आणि ९ मिलिमीटर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. यातला सगळ्यात गमतीचा किस्सा .४५० चा. मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० च्या गोळ्यांवर बंदी आली. झालं, हत्ती-वाघांची शिकार करणाऱ्या साहेबांच्या महागड्या रायफली मुक्या झाल्या. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. बंदुकीच्या दुकानातल्या निम्म्या आकड्यांचा बाप कुणीतरी कारकून असतो, असं मी म्हणतो ते यामुळे.

पिस्तुलाची खरी जागा रेंजवर आहे, आणि तिथे मी टोपी काढून उभा राहतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. रायफलमध्ये तिच्याच गावची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली, आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. कोल्हापूरने हे केलं. आम्ही मराठवाड्यातले लोक अजून लग्नात बार उडवण्यात धन्यता मानतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मिरवणुकीत नाहीतर मांडवात बेफिकीर बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे नवरदेवाच्या मामाला आधी सांगून ठेवावं.

शिकारीबद्दल. आजोबांच्या तरुणपणी ती चालायची, हे लपवण्यात अर्थ नाही. माळावर काळविटांचे कळप होते, तित्तर होते, ससे होते. निजामाच्या राज्यात वाघ-बिबट्या बड्यांचा आणि ससा-तित्तर बाकीच्यांचा, अशी वाटणी होती. पण इकडचा सगळ्यात कसबी शिकारी बंदूकवाला नव्हताच. फासेपारधी गाईच्या आडोशाने हरणाजवळ सरकायचा, पाळलेल्या तित्तराला ओरडायला लावून रानातले तित्तर फाशात ओढायचा. ना बार, ना धूर. त्याला जनावराचं जे कळायचं त्याचा दहावा हिस्साही बंदूकवाल्याला कळत नसे, कारण बंदुकीमुळे चाळीस पावलं लांब राहिलं तरी चालतं. त्या समाजाच्या कपाळी इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि दुनळीवाल्या साहेबांनी आठवणींची पुस्तकं लिहिली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा अध्याय बंद करायला घेतला. सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्याने शिकार शिल्लक होती; १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, मारण्या-पकडण्यासाठी हाका घालणं, आमिष ठेवणं, तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. पोरं छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीने होले मारतात तेही यातच येतं. त्या पोरांना मी पक्षीतज्ज्ञ सालिम अलींची गोष्ट सांगतो. १९०८ च्या सुमारास शाळकरी सालिमने मुंबईत हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, म्हणून ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, तिथे मिलर्ड नावाच्या साहेबाने त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. पोरं विचारतात, मग आम्ही मारल्या तर? मी म्हणतो, आधी तिचं नाव सांगा.

राखणीचं काय? डुक्कर आणि रोही पीक खात असतील तर वनखात्याकडे अर्ज करून मारण्याची परवानगी मागता येते, नुकसानभरपाईही मागता येते. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीतलं, वाघाच्या पंगतीला बसलेलं. त्याच्या वाटेला जाऊ नये. परवानगी असली तरी माझं मत सांगतो: रात्री माळ्यावरून डुकरावर बार टाकू नये. हलतंय ते डुक्करच असतं असं नाही. पाणी द्यायला उठलेला शेजारी असतो, ऊसतोडीचं बिऱ्हाड असतं, चुकलेलं वासरू असतं. आजोबा बार नेहमी आकाशाकडे काढत. जनावर पळायचं, आणि ते एवढ्यावर खूश असायचे. याहून वाईट एकच उपाय मी पाहिला, तारेत करंट सोडणं. बंदूक निदान कुणीतरी हाताने चालवतो. ती तार मालक झोपलेला असताना मारते, आणि कधी कधी मालकालाच.

आता ज्या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायला आवडतं तो: काडतूस पुन्हा भरणं. अमेरिकेत हा घराघरातला छंद आहे. गॅरेजमध्ये हातदाबाचं यंत्र, तराजू, डबे. उडवलेलं पितळी खोकं पुसायचं, मूळ आकारात आणायचं, नवी टोपी, दारू, गोळी. पैसे वाचतात म्हणून सुरू करतात आणि यंत्रं घेण्यात वाचलेल्याच्या दुप्पट घालवतात, हे सगळ्या छंदांसारखंच. पण आपल्याला हवी तशी गोळी आपण घडवतो, हे सुख खरं असावं. एक मौज मात्र सांगितलीच पाहिजे. काडतुसाच्या बुडाशी जी ठिणगीची टोपी असते तिच्या दोन जाती. एक इंग्लंडच्या बॉक्सर नावाच्या अधिकाऱ्याची, दुसरी अमेरिकेच्या बर्डनची, दोन्ही १८६० च्या दशकातल्या. बॉक्सरच्या खोक्याला मधोमध एक छिद्र असतं, जुनी टोपी काडीने ढकलून काढता येते. बर्डनच्या खोक्याला कडेची दोन बारीक छिद्रं आणि मधे ऐरण, टोपी काढणं जिकिरीचं. नियती अशी की इंग्रजाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. अमेरिकेतला छंद फोफावला त्यात या एका मधल्या छिद्राचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे हा छंद करता येत नाही, आणि का ते नीट समजून घ्यावं. शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही. म्हणजे रिकामं यंत्र टेबलावर ठेवलं तरी सापडलो. शिकारीच्या जमान्यात मात्र पितळी खोकी पुन्हा भरणारे लोक होते. आमच्या घरात पत्र्याच्या डब्यात तशी पाच खोकी होती, बुडाशी काळवंडलेली, तोंडाशी वापरून वापरून तडे गेलेली. नमद्याच्या चकत्यांचा वास अजून नाकात आहे, ओल्या घोंगडीसारखा. कागदी काडतुसं तेव्हा स्वस्त, पण पावसाळ्यात फुगायची. अर्धं आत जाऊन अडकलं की ना पुढे ना मागे, आणि आजोबा शिव्या देत सुरीने कडा खरवडायचे. नंतर प्लास्टिकची आली आणि ती कटकट मिटली. आता बारा बोअरची काडतुसं सरकारी कारखान्यातली घ्यायची, पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना त्यातला जुना, १८६९ चा. किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं.

खरं तर ठासणीची बंदूक म्हणजे प्रत्येक बाराला नव्याने भरलेलं काडतूसच. नळी हेच खोकं. आणि इथेच सगळ्यात घातक चूक होते. काळी दारू महाग पडली किंवा मिळाली नाही की कुणीतरी शहाणा काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत ओततो. काळी दारू धूर फार करते पण नळीवरचा दाब बेताचा ठेवते. बिनधुराच्या दारूचा दाब जुन्या नळीच्या आवाक्याबाहेरचा असतो. नळी घोड्याजवळ, नेमक्या डाव्या हाताच्या बोटांपाशी फाटते. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ यायचे, डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच. ते त्या दोन बोटांत चिलीम इतकी डौलात धरायचे की आम्ही पोरं बघत उभे राहायचो. काडतूस भरायचा छंद कायद्याने मोकळा व्हावा असं मला मनातून वाटतं, आणि ते दोन बोटांतलं चिलीम धरणं आठवलं की वाटेनासं होतं.

आजोबांची एकनळी आता माझ्या परवान्यावर आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ मध्ये एप्रिलात लोकसभा आणि २० नोव्हेंबरला विधानसभा, असं दोनदा मतदान झालं. नोव्हेंबर म्हणजे तूर फुलात आणि हरभरा नुकता वर आलेला, ऐन राखणीचे दिवस. त्या खेपेला घाईत मी नळीला तेल न लावताच बंदूक देऊन आलो. परत आणली तेव्हा आत नळीभर तांबूस बुरशी चढल्यासारखा गंज होता. चूक माझीच. दोन दिवस गजाला चिंध्या गुंडाळून घासत बसलो तेव्हा कुठे तोंडातून बघितल्यावर पलीकडचा उजेड गोल दिसला.

पण खरं सांगायचं तर ते दोन महिने वावरात कुणाला बंदुकीची आठवण झाली नाही. धाकट्या चुलत भावाने माळ्यावर सौर बॅटरीवरचा भोंगा बसवला आहे. त्यात कुत्र्यांचं भुंकणं, माणसांची आरोळी, फटाके आणि मधेच एक बंदुकीचा बार, असं सगळं रेकॉर्ड करून भरलेलं आहे, दर दहा मिनिटांनी वाजतं. पहिल्या आठवड्यात डुकरं फिरकली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात भोंग्याच्या खालचाच हरभरा उकरलेला सापडला.

"दादा, आवाज बदलून बघतो," तो म्हणाला.

मी त्याला त्यातला बार पुन्हा एकदा वाजवायला लावला. दुनळीचा होता, काडतुसाचा, तुटक. मी म्हटलं, ठासणीचा मिळाला तर भर.